ड्वाइटने ओतलेलं मीठ

जसं घडलं तसंच लिहिलंय. पटलं तर घ्या, नाहीतर हसा. ड्वाइट हॅल्वरसनही हसायचा.

डुलूथ, मिनेसोटा. मागच्या जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळचे साडेचार, उजेड संपत आलेला. पारा शून्याच्या खूप खाली.

ड्वाइट सहा दुकानांचा मालक. पार्किंगमध्ये कुणी घसरलं तर कोर्टात खेचेल, या धास्तीने बर्फावर पोतीच्या पोती मीठ ओतायचा.

त्याच्याकडे बर्फ काढायला आर्लीन होती. ती आधी फावड्याने खरवडायची, मग दहा फरश्यांना एक कप मीठ. बस्स.

"एवढ्या थंडीत मिठाने बर्फ वितळत नाही, ड्वाइट. वाळू टाक. हे सगळं पुढे ओढ्यात जाणार. शिवाय हरणं चाटायला येतात. परवा तुझ्याच ट्रकखाली हरिणी गेली, विसरलास?"

"मग काय, तिच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावू? जा घरी. आणि तो कप घेऊन जा, कॉफी पी त्यात!"

पालथ्या घड्यावर पाणी. आर्लीन निघून गेली. शहाण्याने एकट्याने चार पोती फोडली.

तेवढ्यात...

चप... चप... चप...

कोणीतरी चाटत होतं.

त्याने वळून पाहिलं. पार्किंग रिकामं.

पण मिठात हातभर रुंदीचा पट्टा उघडा पडला होता. ओला.

खुराचा ठसा... एकही नाही.

"आर्लीन? पुरे झाला चावटपणा!"



अशा वेळी माणूस पळतो. या दीडशहाण्याने पाचवं पोतं फोडलं!

आवाज जवळ आला. त्याच्या बुटांवरचे मिठाचे डाग... एकेक करून पुसले गेले.

आता मात्र तो धावला. त्या ओल्या पट्ट्यावर तोवर बर्फ धरला होता. ड्वाइट सपशेल आडवा. हातमोजा उडाला.

उघड्या तळव्यावरून जीभ फिरली. गरम, खरखरीत... सावकाश. मग मनगटावर.

कसाबसा तो ट्रकमध्ये शिरला.

सकाळी आर्लीनला फोन. "वाळू टाक." एवढी अक्कल यायला तळव्याचं सालटं निघावं लागलं!

आता तिथे मिठाचा खडा नाही. पण जुलैतही ड्वाइट घराबाहेर पडत नाही. घाम येतो ना. तोही खारटच.

परवा आर्लीन भेटायला गेली. पहिल्यांदाच तिला त्याची कीव आली. बोलता बोलता तो रडला. एक थेंब गालावरून ओघळला...

आणि अर्ध्यावरच नाहीसा झाला.

ड्वाइटने डोळे मिटले आणि निमूटपणे दुसरा गाल पुढे केला.