पडद्याआडचा हात

रोज दुपारी खेमा अफू घोटायचा, गाळायचा आणि राजाच्या, रावळजींच्या, तळहातावर ओतायचा. चाळीस वर्षं हेच काम. त्या दुपारीही त्यानं घोटली. फरक एवढाच, की रावळजी सकाळीच मेले होते.

ठाऊक दोघांनाच. खेमाला आणि कामदाराला. कामदार म्हणजे संस्थानचा कारभारी. अक्कल हत्तीची, काळीज चिमणीचं.

"बोंबलू नकोस," कामदार म्हणाला. "दत्तक न घेता राजा मेला असं कळलं, तर उद्या गडावर गोऱ्यांचं निशाण. एजंटसाहेब खाली आलाय. सरकारांनी आपल्या तळहातावरून पुतण्याला अमल, म्हणजे ही घोटलेली अफू, पाजलं, की पदमसिंग मुलगा ठरला. साहेबाला तेवढंच बघायचंय."

"आणि हात कुणाचा?"

"तुझा. मीठ खाल्लंस ना? सरकार आजारी आहेत असं सांगितलंय, तू बस पडद्याआड. बाही त्यांची घाल."

अंगठीही घालायची होती, लाल खड्याची. पण मेलेल्या बोटातून ती निघेना. राहू दिली.

खेमा बसला. पाठीमागं खाटेवर रावळजी, शालीखाली. अत्तराचा वास, आणि त्याखालून दुसरा. उन्हाळा तो! माशा गुणगुणत होत्या... आणि एकदम थांबल्या.

बाहेर बूट वाजले. खेमानं वाटी उचलली, पण बोटात अंगठी नाही हे ध्यानात आलं, आणि तशीच खाली ठेवली.

"घणी खम्मा, काकोसा," पडद्यापलीकडून पदमसिंगानं काकांना मुजरा केला. मग घोट. एक... दोन... तीन.

"साहेब राजी आहेत!" कामदार ओरडला.

खेमापुढची वाटी अजून भरलेलीच होती. खेमाच्या खांद्यावरून, मागून, एक हात पडद्याबाहेर गेला होता. बोटात लाल खडा.

राज्य वाचलं. रावळजींना अंगठीसकट चितेवर ठेवलं. पण ज्यानं पाजलं त्याला परत पाजायचं, ही त्या मुलखातली रीत. नाही पाजलं तर वैर. घाईत ती कुणालाच आठवली नाही. जिवंत माणसं विसरभोळी.

तेराव्याच्या दुपारी पडदा आतून हलला.

"खेमा..." नवा रावळजी पदमसिंग पुटपुटला. कामदारानं त्याला सगळं सांगितलं होतं. "पुन्हा बसलास होय रे आत? सोंगाड्या!"

"हुकूम, सरकार... मी तुमच्या मागं उभा आहे."

पदमसिंगाचा चेहरा उतरला. पण गादी त्याच हातानं दिलेली, नाही म्हणणार कसं? त्यानं तळहात पुढं केला. खेमानं अमल ओतलं. पदमसिंगानं हात पडद्याआड घातला.

आत कुणीतरी प्यालं. सावकाश.

हात बाहेर आला. तळहात कोरडा. आणि बोटात लाल खड्याची अंगठी.

खेमानं तेल लावून ओढली, साबण लावून ओढली. निघेना.