पांढरा गोळा

दार ओढून घ्या आणि मधेमधे "मग?" करायचं नाही. थोरला माझ्या चांगल्या ओळखीचा. थापा मारायला त्याला फुरसतच नव्हती, इतका तो धंद्यात बुडालेला.

धंदा म्हणजे, लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात घ्यायच्या. गिऱ्हाईक मिळालं तर अख्खी विकायची, नाहीतर सुटे भाग करायचे. वडील गेल्यावर धाकट्या भावाला त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं. माणूस सोन्यासारखा, पण चिकट. लिलावाची गाडी घरी आणताना डिझेल असं घालायचा, की दारात आली की बंद पडलीच पाहिजे. धाकटा म्हणायचा, "दादा, तू गाडीला डिझेल नाही, औषध पाजतोस."

त्या दिवशी दोन ट्रक आणायला दोघे डेपोत निघाले. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. निघताना आई थोरल्याला एवढंच म्हणाली, "याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. नीट घेऊन ये रे त्याला."

"तुझ्यासमोर आणून उभा करतो," थोरला म्हणाला.

आता, डेपोतून गाडी काढायची एक पद्धत असते. लष्कराचे नंबर पुसायचे. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो, त्याचा पांढरा रंगही काळा करायचा. तो पांढरा कशासाठी? लष्कराच्या गाड्या रात्री मोठे दिवे न लावता रांगेने जातात. गोळ्यावर बारकासा बल्ब असतो. मागच्याने तेवढा उजळलेला गोळा बघत यायचं, बस्स.

थोरल्याने नंबर पुसले. गोळा मात्र तसाच ठेवला. कारण दुसऱ्या ट्रकचे दिवे काही केल्या लागेनात, आणि गेट बंद व्हायची वेळ आलेली.

"तू माझा गोळा बघत ये," तो धाकट्याला म्हणाला. "मी दोनदा हॉर्न दिला की तू दोनदा द्यायचा." पुढच्या ट्रकचा बारका बल्ब सैल होता. त्याला लाल चिकटपट्टी गुंडाळून त्याने तो घट्ट बसवला.

डेपोतला म्हातारा स्टोअरकीपर हे बघत उभा होता. "शेठ, एवढं ऐका. या गाडीचा गोळा पेटवू नका. ही रांगेत पहिली असायची. एका रात्री ही पोचली. मागच्या दोन पोचल्याच नाहीत."

"मग गेल्या कुठे?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं का?"

थोरला हसला आणि ट्रकमध्ये चढला.

पावणेबाराचा सुमार. चंद्र नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. थोरल्याला आरशात काहीच दिसत नव्हतं, पण मागच्या इंजिनाचा आवाज येत होता, म्हणून तो निवांत होता. मधूनमधून हॉर्न द्यायचा, उत्तर यायचं.

घराआधीचा ओढा जवळ आला. ओढ्यावरचा पूल पडलेला होता, हे दोघांनी दिवसा पाहिलं होतं. तिथे डावीकडे कच्च्या रस्त्याने वळायचं. धाकट्याच्या लक्षात यावं म्हणून थोरल्याने दोनदा हॉर्न दिला.

उत्तर आलं. अगदी जवळून.

मग जरा मागून... आणखी एक.

आणि मग फार लांबून, तिसरं.

मागे तर एकच ट्रक, थोरल्याच्या डोक्यात आलं. हात मात्र सवयीने वळले. ट्रक कच्च्या रस्त्याला लागला, ओढा पार झाला. त्याने पुन्हा हॉर्न दिला.

काही नाही.

पुन्हा.

काही नाही...

तो खाली उतरला. मागे गेला, वाकला, टॉर्च मारली. गोळा काळोखात. बल्बची जागा रिकामी.

मग धाकटा काय बघत येत होता?

थोरला पळत सुटला. ठेचकाळला, उठला, पळाला. आईचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसरा ट्रक सरळ रस्त्यावर उभा होता. पूल बंद म्हणून आडव्या टाकलेल्या फांद्या चाकांखाली चिरडलेल्या. पुढचं चाक पुलाच्या तुटक्या काठाशी. आत धाकटा, स्टिअरिंगला मिठी मारून.

त्याने थोरल्याकडे पाहिलं आणि किंचाळला.

"अरे, मी आहे! मी!"

"तू... तू खाली गेलास ना?" धाकटा अजून स्टिअरिंग सोडत नव्हता. "तुझा गोळा सरळ गेला. मग खाली गेला. मी मागोमाग येत होतो. ऐन वेळी डिझेल संपलं, दादा."

आपल्या चिकटपणाचं थोरल्याला आयुष्यात पहिल्यांदा रडू आलं. त्याने धाकट्याला ओढून छातीशी धरलं.

"मग मी तुला हाका मारत होतो," धाकटा पुटपुटला. "आणि तू खालून हॉर्न देत होतास."

"मी नव्हतोच खाली..."

तेवढ्यात ओढ्यातून हॉर्न आला.

दोनदा.

मग... गप्प. उत्तराची वाट बघत असल्यासारखं.

दोघे उजाडेपर्यंत एकमेकांना धरून रस्त्यात बसले. दिवस वर आल्यावर ओढ्यात उतरले. गाडी नाही. चाकाची खूण नाही. नुसती वाळू, दवाने भिजलेली. आणि वाळूवर एक बारकासा बल्ब, लाल चिकटपट्टी गुंडाळलेला.

थोरल्याने तो उचलला, आणि झटकन टाकून दिला.

बोटांना चटका बसला होता.