एकेचाळिसावा पाठ

वहीबद्दल आधी सांगतो, नाहीतर माणसं लगेच भुताखेतांवर येतात. वही साधी, दोनशे पानी, गंगापूर रोडवरच्या दुकानातून आणलेली. वर पाच भाषा: संस्कृत, पाली, फारसी, जर्मन, जपानी. डावीकडे तारखा. प्रत्येक भाषेखाली दोन चौकटी, एक माझी, एक आशाची. आशा म्हणजे माझी बायको. निवृत्तीनंतर लोक गुडघे सांभाळत देवदर्शनं करतात, आम्ही हे खूळ घेतलं. पालीची हौस तिची. पांडवलेण्यांतल्या भिंतींवरची अक्षरं वाचायची होती तिला. ती पाली नाहीच, प्राकृत आहे, हे कळेपर्यंत वीस पाठ झाले होते. म्हणाली, "असू दे हो, आता माया जडली." तीन वर्षांच्या तारखा तिनं आधीच पेन्सिलीनं टाकून ठेवल्या होत्या.

नियम मात्र माझा. मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली. दुकानदार स्वतःच्या वजनावर स्वतः छाप मारत नाही. ती आम्ही मारायची, तीही वजन ताडून बघितल्यावरच. इथेही तेच. दुपारी तीन वाजता एकानं पाठ म्हणायचा, दुसऱ्यानं पुस्तक धरून ऐकायचा आणि मगच चौकटीत बरोबरची खूण करायची. माझी खूण लाल. तिची हिरवी, कारण शाळेत शिकवायची तेव्हापासून तिला लाल शाई आवडत नसे.

बारा मार्चला मॅच होती. आशा वही घेऊन आली. "अहो, माझा पालीचा पाठ घ्या ना. एकेचाळिसावा. आज अगदी घडाघडा येतोय."

"उद्या घेतो गं," मी टीव्हीवरून नजर न काढता म्हणालो. "पळून चाललीयेस का कुठे?"

संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. पहाटे दवाखान्यात ती गेली.

तेराव्यानंतर मी पुन्हा वही उघडली. दुसरं करणार काय? रोज तीनला समोर रिकामी खुर्ची ठेवून मोठ्यानं पाठ म्हणायचो. खूण करायला कोणी नव्हतं म्हणून चौकटी कोऱ्या. नियम तो नियम.

एप्रिलच्या नऊ तारखेला संस्कृतच्या माझ्या चौकटीत हिरवी खूण दिसली.

आमच्याकडे तानुबाई कामाला येते, मूळची पेठ तालुक्याकडची. तिला विचारलं तर हात झटकून म्हणाली, "मी कशाला हात लावू, काका? मला वाचताबी येत नाय." मुलगी राखी देवळाली कॅम्पात असते, ती पंधरा दिवसांत फिरकली नव्हती. म्हटलं, आपणच केली असेल. म्हातारपण. मग आशाच्या हिरव्या पेनातली शाई पट्टीनं मोजली. सहा सेंटिमीटर. आठवड्यानं साडेपाच.

मी वही लोखंडी कपाटात ठेवली, पेन बाहेर खणात ठेवलं. कडीला तार घातली आणि तिला खात्यातल्या पद्धतीनं शिशाचं सील दाबलं. त्या दिवशी पाठ वहीशिवाय म्हटला आणि तो फोनवर रेकॉर्ड केला. फारसी आकडे, एक ते शंभर. दुसऱ्या दिवशी सील जसंच्या तसं होतं. आत वहीत खूण होती, पण बरोबरची नव्हे. हिरवी फुली.

मी रेकॉर्डिंग ऐकलं. सत्तावीस गाळला होता.

घाम फुटायला हवा होता ना? मला तर रडूच कोसळलं. ती ऐकत होती. एवढ्या बारकाईनं या जगात माझं दुसरं कोण ऐकतं?

मग मला हाव सुटली. मला तिचा आवाज हवा होता. बस, एवढंच. मी पालीचं पुस्तक काढलं आणि रिकाम्या खुर्चीला म्हणालो, "आशा, तुझा पाठ घेतो. म्हण." पंखा फिरत होता. खाली भंगारवाला ओरडत गेला. अर्धा तास बसलो. खुर्चीतून काही आलं नाही.

तरी मी तिच्या चौकटीत लाल खूण केली. आयुष्यात कधी न ताडता छाप मारली नव्हती, ती त्या दिवशी मारली. तिला बरं वाटेल असं वाटलं. खरं सांगायचं तर मलाच बरं वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी खूण नव्हती. शाईच्या खोडरबरानं कागद खरवडला होता आणि समासात तिच्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: "न ऐकता?"

मी कान पकडले. खरंच पकडले, एकटाच, भर दुपारी. "चुकलो," म्हटलं. "त्या दिवशीही चुकलो. मॅच गेली खड्ड्यात, मी तेव्हाच ऐकायला हवं होतं. मला अजून ऐकायचंय गं. तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तिथं."

त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. हिरवी खूण नाही, फुली नाही. मी रोज तीनला विचारायचो, "आज घेऊ का?"

आज बुधवार. सकाळी राखीचा फोन आला. "बाबा, बास झालं आता एकटं राहणं. शुक्रवारी येते आणि तुम्हाला कॅम्पात घेऊन जाते. नाही म्हणायचं नाही हं."

"ये," मी म्हणालो.

तीनला रोजच्यासारखं आदल्या दिवशीचं सील तोडून वही उघडली.

मांडीवर खोडरबराचा चुरा सांडला.

पेन्सिलीनं टाकलेल्या पुढच्या सगळ्या तारखा पुसल्या होत्या. पानामागून पान कोरं. शेवटची तारीख उरली होती ती गुरुवारची.

मागे जाऊन बारा मार्चचं पान काढलं. तिच्या पालीच्या चौकटीत हिरव्या शाईत एकच शब्द होता.

"उद्या."

शाई ओली होती. बोटाला लागली.

तानुबाई निघाली तेव्हा तिच्या हातात घराची किल्ली दिली. म्हटलं, "राखी शुक्रवारी येईल. तिला दे."

"तुम्ही कुठं चालले, काका?"

"कुठं नाही. पाठ घ्यायचाय."

मग दोन्ही खुर्च्या पुसल्या आणि लाल पेनात नवी रिफिल घातली.