ठणठणीत माणसाचं रक्त

गोष्ट जुनी झाली, तरी त्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा वास तिच्या मनातून गेलेला नाही.

त्या सकाळी यंत्रदुरुस्तीवाला दार चुकून तिच्या खोलीत शिरला. तिला प्रयोगासाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं, आणि कबूल केलेला माणूस आलाच नव्हता.

"तुम्हाला काही दुखणं?"

"छे, ठणठणीत आहे मी," म्हणत त्याने बाही सरसावली. नजर सुईकडे नव्हती... तिच्याकडे होती.

त्याच्या रक्तातल्या पेशी तिने त्यांना पोसणाऱ्या गुलाबी द्रवात ठेवल्या. निरोगी पेशी निवांत असतात, द्रव गुलाबीच राहतो. याचा मात्र दुसऱ्या दिवशी पिवळाजर्द झाला. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने त्याला परत बोलावलं. मग आणखी एकदा.

"रक्त काढून काढून पांढरा करशील त्याला," सफाईवाल्या मावशी म्हणाल्या. "सरळ चहाला बोलाव की."

"माझी दोन्हीला तयारी आहे," तो म्हणाला.

ती हसली. तिने चहा मागवला. पण पेला त्याने दोन्ही तळव्यांत धरला. बोटं नीट मिटतच नव्हती.

"सकाळी आखडतात ना?" तिने विचारलं.

त्याने पेला खाली ठेवला. मग हळूच, "तसं सांगितलं असतं, तर तुम्ही दुसरा माणूस शोधला असता."

तिला राग यायला हवा होता — आला नाही.

"रक्तात राखणदार पेशी असतात," तिने समजावलं. "शत्रू आला की त्या साखर बकाबका खातात, आणि आंबट टाकाऊ द्रव्य सोडतात. म्हणून द्रव पिवळा होतो. तुमच्या पेशी शत्रू नसतानाच लढताहेत... बहुतेक तुमच्याच सांध्यांशी."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय." तो हसायला गेला, पण नजर बोटांकडे वळली. "माझं हातावर पोट आहे हो. हातच गेले तर?"

"म्हणून तर डॉक्टरांकडे जायचं. आजच. वेळेवर औषध मिळालं तर राखणदार शांत होतात."

दवाखान्यात परिचारिकेने विचारलं, "सोबत कोण? नातं काय?"

"या... माझं रक्त काढतात," तो गडबडला.

"घरची," ती म्हणाली.

पुढे औषधाने बोटं हळूहळू सैल झाली. पण त्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर बसून, त्याने त्या आखडलेल्या बोटांनीच तिचा हात धरला होता. पकड अगदी ढिली होती. सोडवून घेणं सोपं होतं... तिने तो सोडवून घेतला नाही.