एफाचं पान

संपदा गेली होती ती एका साध्याशा कामाला. जुन्या जर्मन हस्ताक्षरांवर हायडेलबर्गला तिची पीएचडी चाललेली, म्हणून अमेरिकेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मेलवर गळ घातली होती की माझा मूळपुरुष वेंडेल श्टाइग तुमच्याच गावचा, त्याची नोंद तेवढी बघा. गाव म्हणजे लुडविग्सहाफेनजवळचं, द्राक्षमळ्यांतलं. तीन वर्षं ती तिथंच राहत होती. नवरा मयुरेश बदली होऊन महिन्यापूर्वीच अमेरिकेला गेला होता, आणि आठ दिवसांनी तिला नि सहा वर्षांच्या अन्वीला निघायचं होतं. म्हटलं, जाता जाता एवढं करून टाकू.

चर्चच्या कचेरीत दमट कागदाचा वास कोंडला होता. तिथल्या त्सीग्लरबाईंनी नोंदवही समोर ठेवली. वेंडेल विणकर. लागोपाठच्या हिवाळ्यांनी आणि उपासमारीनं पिचलेला. १७३८ साली बायको नि चार मुलं घेऊन ऱ्हाइनवरून होडीनं निघाला, तो समुद्र ओलांडून इंग्रजांच्या वसाहतीत, पेनसिल्व्हेनियात पोचला. तिथं माग मांडला, रान साफ करून शेत केलं, गोतावळा वाढला. इथवर सगळं त्या गृहस्थांना ठाऊक होतं. पण वहीत बाप्तिस्मे निघाले पाच. पाचवी एफा, निघाले तेव्हा सहा वर्षांची. तिला पुरल्याची नोंद कुठंच नव्हती.

"ताप होता तिला," त्सीग्लरबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "होडीवाला घेईना. आईनं पावाचा तुकडा हातात दिला, घराच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाली, बस हं, आलोच आम्ही..."

"मग?"

बाईंनी वहीच्या पाठीमागून एक पिवळं पत्र काढलं. वेंडेलनं वीस वर्षांनी इथल्या पाद्र्याला लिहिलेलं. हवापाणी, पीक, नातवंडं, आणि अगदी शेवटी एक ओळ: एफा अजून पायरीवर बसते का?

"आमच्या गावात पायरीवर कुणी खायचं ठेवत नाही," बाई वही मिटत म्हणाल्या. "मांजरालासुद्धा नाही."

संपदा घरी पोचली तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता आणि घरभर खिरीचा वास सुटला होता. सर्वपित्री अमावास्या. सामान बांधायला मदत म्हणून पुण्याहून आलेले सासरे, आप्पा, परदेशातही पितरांचं पान चुकवणारे नव्हते. मागच्या दाराच्या पायरीवर त्यांनी पान ठेवलं, नि बघता बघता कावळा शिवलासुद्धा. संपदानं तेवढ्यात एफाची गोष्ट सांगून टाकली. खायचं ठेवत नाहीत, हे तेवढं सांगायचं राहून गेलं.

आप्पांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अगं, एवढीशी पोर. तिला घासभर ठेवणारं कोण आहे? एक पान तिच्याही नावानं ठेवू."

"अहो आप्पा, आपली ना नात्याची ना गोत्याची."

"भुकेल्याला कसलं आलंय गोत?"

दुसरं पान पायरीवर गेलं. कावळे कुंपणावर ओळीनं बसून राहिले. एकही हलेना. अर्धा तास गेला. आप्पांनी हात जोडले, दहाव्याला बोलतात तसं बोलून पाहिलं. तुझ्या माणसांना तुझं नाव कळवतो, तुझ्यासाठी दिवा लावतो. कावळे ढिम्म. जेवणं खोळंबलेली. अन्वीला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती जर्मनच. तिनं "हुंगर, मामा", भूक लागली आई, म्हणून भुणभुण लावलेली. संपदा वैतागली.

"बरं बाई," ती दारातूनच म्हणाली, "आम्ही अमेरिकेलाच चाललोय. तुलाही नेऊ."

एक कावळा सरळ खाली उतरला.

त्यानंतर अन्वी रोज पायरीवर बसून अर्धी पोळी शेजारी ठेवायला लागली. विचारलं की म्हणायची, "फ्युअर एफा," एफासाठी. पोरखेळ म्हणून संपदानं सोडून दिलं. पण पायरीची एक बाजू उन्हातही ओलसर राही, आणि संपदा तेवढी बाजू ओलांडूनच जायची.

निघायच्या दिवशी अन्वीचं अंग कोमट लागलं. संपदानं औषध पाजलं. विमान चुकवणं शक्य नव्हतं. दुपारी दाट धुकं होतं. टॅक्सी आली, बॅगांची एकच धांदल उडाली. "पायरीवर बस हं, आलेच," म्हणून ती वर राहिलेली पर्स आणायला गेली. परतली, टॅक्सीपाशी धुक्यात टोपी ओढून उभ्या पोरीचा हात धरला, गाडीत बसली. आप्पांचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. ते मागं दारं लावत होते.

गाडी फ्रँकफुर्टच्या रस्त्याला लागली आणि फोन वाजला.

"संपदा, अगं मागं फिर," पलीकडून आप्पा म्हणाले. "अन्वी इथं पायरीवर बसलीये. अंग नुसतं भाजतंय. म्हणते, आई आलेच म्हणाली..."

संपदाच्या मांडीवर पोरीचं डोकं होतं, जॅकेटची टोपी नाकापर्यंत ओढलेली. दहा मिनिटं तिनं तो हात धरला होता. तो गारठलेला होता. टोपी मागं सारायचं धाडस तिला होईना.

"प्लीज," ती ड्रायव्हरला कसंबसं म्हणाली, "गाडी... मागं घ्या..."

मांडीवरचा हात तिच्या मनगटाभोवती आवळला. टोपीआडून आवाज आला, हळू, स्वच्छ मराठीत.

"तुलाही नेऊ, म्हणाली होतीस."