तिसरं बटण

दुपारचे तीन वाजले होते आणि हेमकांतचं डोकं नुसतं भणभणत होतं. शहाद्याच्या बसस्टँडसमोर, पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीत पंखा गरम हवाच फिरवत होता. दिव्यांगांच्या पेन्शन अर्जाची वेबसाइट आज सुरू करायची होती. सहा महिने त्यानं त्यात घातले होते. आता एका माणसानं "ठीक शे" म्हटलं की घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढीच काय ती इच्छा उरली होती.

तो माणूस म्हणजे कामिनी. कळसाडी गावची, जन्मापासून न दिसणारी, शेजारच्या टेबलावर बसून साइट तपासून देणारी. तिचा संगणक पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचायचा. माउस तिच्या काय कामाचा! टॅबची कळ दाबली की पुढचं बटण, पुन्हा दाबली की त्याच्या पुढचं. ही माणसं बटणं मोजून पाठ करतात, म्हणून प्रत्येक पानावर क्रम एकच लागतो.

"भाऊ, वर कितला बटनं शेत?" तिनं विचारलं.

"चार. मुख्यपान, माहिती, अर्ज, मदत."

"मन्हाकडे पाच शेत."

तिनं कळ दाबली. यंत्राचा सपाट आवाज बोलू लागला. मुख्यपान. माहिती. मग, "दार. बटण. बंद." आणि त्यानंतर अर्ज.

हेमकांतनं कोड वरपासून खालपर्यंत पाहिला. दार नावाचं काही नव्हतं. स्वतःच्या संगणकावर वाचून घेतलं, तर चारच बटणं.

"तुझ्या मशीनची खोड आहे, कामिनी. जुनं झालंय ते."

"खोड ऱ्हाती तर कधी आठे, कधी तठे सापडती. हाई तर हर पानवर तिसऱ्या जागावर शे. तुमनाच नियम पाळी ऱ्हायनं."

हेमकांतला हसू आलं. ती शेवटच्या पानावर पोचली होती.

"दार. बटण. उघडं."

त्याच्या मानेवरून घाम ओघळला. खरं तर तेव्हाच थांबायचं. पण माणूस थकला की त्याला सगळं लवकर पटतं.

"अहवालातून काढ ते," तो म्हणाला. "लिहिलंस तर साइट आठवडाभर अडकेल. आणि अर्जाची मुदत चार दिवसांत संपतेय."

कामिनीला घरची आठवण झाली. तिची धाकटी बहीण नूतन, तिलाही दिसत नव्हतं, घरी लॅपटॉप मांडून बसली होती. गेल्या वर्षी तिचा अर्ज बाजारातल्या दुकानदारानं भरला होता, तिचं आजारपण भर रांगेत मोठमोठ्यानं वाचत. पोर दोन दिवस रडली होती. यंदा मीच भरेन, कोणाचा हात नको, असं तिनं बजावलं होतं. कामिनीनं तिच्याकडून घोकून घेतलं होतं: अर्ज म्हणजे तिसरं बटण, मग एंटर.

खोड आपल्याच मशीनची असेल, असं मनाला समजावत कामिनीनं अहवालातली ती ओळ पुसली.

चार वाजता साइट सुरू झाली. वीस मिनिटांनी तिनं नूतनला फोन लावला. उचलला आईनं, तापीबाईनं.

"नूतन कोठे गई वं, बाई? आते आठेच बैठेल व्हती. खुर्ची गरम शे. घरनी कडी मधून लागेल शे, मीच लायेल शे!"

कामिनीच्या हातून फोन सुटला. "भाऊ," ती कशीबशी म्हणाली, "मी तिले तिसरं बटन सांगेल व्हतं."

संगणकानं टुणकन आवाज केला. साइटवरच्या मदतीच्या खिडकीत पहिला निरोप आला होता. तोच सपाट आवाज वाचू लागला.

"ताई, अर्ज कोठे शे? दार उघडनं, मी आत उनू. मांगे जावानं बटन कोनतं?"

हेमकांतनं कोड उघडला. जे दार त्यानं केलंच नव्हतं, त्याला परतीचं बटण कुठे लावणार? आपण हे काय करून बसलो, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं साइट बंद करायला हात पुढे केला.

कामिनीनं त्याचं मनगट गच्च धरलं.

"बंद करू नका! ती आत शे."

पंखा फिरत होता. खाली कंडक्टर गाडीचं नाव ओरडत होता.

पुन्हा टुणकन वाजलं.

"ताई, घाबरू नको. मी एकली नै. आठे लोकेसनी गर्दी शे. त्या बी कितला दिनपासून बटनच शोधी ऱ्हायनात."