आप्पांचं नाक

"आत या की पावणं, भिजाय लागलाय न्हवं!" सयाजीनं मान वर न करताच हाक दिली. पत्र्यावर श्रावणसर ताशा बडवत होती, आणि त्याच्या ब्रशाच्या टोकाशी कुणा दिवंगत संचालकांची मिशी होती. अशा वेळी मान वर करणं धंद्याला परवडत नाही.

"पावणं कुणाला म्हणतोस रे?"

मिशी वाकडी झाली.

दारात क्रांती उभी होती. केसांच्या टोकांना थेंब, छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी. कानामागं थोडी चांदी आली होती, पण हसणं तेच — डावीकडून सुरू होणारं आणि उजवीकडं पोचायला जरा वेळ घेणारं.

"तुझं दुकान व्हय हे? मी फ्लेक्सवाल्याकडं निघाल्ते."

"सगळं गाव तिकडंच निघालंय. तू पावसानं चुकलीस."

एके काळी पेठेतल्या प्रत्येक लग्नघराची भिंत सयाजीच रंगवायचा. गणपती, केळीचे खांब, मधे नवरा-नवरीची नावं. क्रांतीच्या लग्नाची भिंतही त्यानंच रंगवली होती. तिच्या नावाला अख्खी दुपार लागली. नवऱ्याचं नाव त्यानं चहाच्या आधी उरकलं. चहा तीच घेऊन आली होती. कप परत देताना काहीतरी बोलायचं होतं... पण रंग वाळत होता. निदान त्यानं स्वतःला तसं सांगितलं.

लग्न भिंतीवरच्या रंगाआधीच उडालं. क्रांती जयसिंगपूरच्या कॉलेजात भूगोल शिकवू लागली. सयाजीचं लग्न दुसऱ्यांच्या लग्नांच्या गडबडीत राहून गेलं. मग फ्लेक्स आला, आणि त्याच्याकडं फक्त गेलेली माणसं उरली — तैलरंगात, हार बसेल अशा मापात.

तिनं पिशवीतून फोटो काढला. तिचे वडील, आप्पा. मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्या कार्डावर माणूस हयातीतच गेल्यासारखा दिसतो. आप्पांच्या तर नाकाच्या जागी नुसता ढग होता.

"दुसरा फोटोच न्हाई. काढूच द्यायचे न्हाईत. वर्षश्राद्ध दिवाळीनंतर हाय, पण दादाला आत्तापासनं घाई."

सयाजीला आप्पा आठवले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या जोखण्यात जन्म गेलेला माणूस. समोरच्याकडंही तसंच बघायचे — गाडीचं वजन वजा करून. उरलेलं फार काही नसायचं. सयाजीचं तर कधीच नव्हतं.

"यात नाकच न्हाई," तो म्हणाला. मग शक्य तितक्या धंदेवाईक नजरेनं तिच्याकडं बघत — "तुझं नाक त्यांच्यावरच गेलंय. तुला समोर बसावं लागंल."

"किती दिवस?"

"नाक अवघड असतंय."

ती येऊ लागली. सकाळचं कॉलेज आटपून, दुपारच्या एसटीनं. खिडकीचा उजेड तिच्या गालावर पडायचा आणि टर्पेंटाइनच्या वासात मोगऱ्याचा वास मिसळायचा. सयाजी आधी मातकट रंगात अंधार भरायचा, मग त्यातून हळूहळू कपाळ वर काढायचा. चेहरा काढायचा नसतो, तो असतोच. आपण फक्त वरचा अंधार पुसायचा, असं तो तिला सांगायचा. हे वाक्य त्यानं गेल्या तीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. संचालकांच्या घरचे विचारत नाहीत.

"बोलू नको. ओठ हलतात."

"ओठ माझे काढतोयस का आप्पांचे?"

"...आप्पांचेच."

"मग आप्पा हसाय कधीपासनं लागले?"

त्यानं चमकून बघितलं. आप्पा खरंच हसत होते. डावीकडून.

श्रावण सरला. टोपी झाली, डोळे झाले, कोटाची गुंडीसुद्धा चमकली. नाक तेवढं होईना.

त्या दुपारी क्रांती स्टुलावर बसलीच नाही. कॅनव्हाससमोर हाताची घडी घालून उभी राहिली.

"सयाजी, काल नाक झालंतं."

तो ब्रश धूत राहिला. आधीच धुतलेला.

"आठवड्यामागंबी झालंतं. डबा विसरले म्हणून मी परत आले, तर खिडकीतनं दिसलं. चिंधी घेऊन तू आप्पांचं नाक पुसत होतास. ते असताना झाली असती का हिंमत?"

"ते असताना..." त्याचा आवाज खाली गेला. "ते असताना तुझं नाव काढलं भिंतीवर. तेवढीच झाली."

"ती भिंत आप्पांनी मरेपर्यंत कुणाला रंगवू दिली न्हाई. ऊन-पावसानं नवऱ्याचं नाव गेलं. माझं हाय अजून. म्हणायचे, पोरानं जीव लावून काढलंय."

"असं म्हणाले?"

"एकदाच. मग माझ्याकडं बघत बसले... लई वेळ."

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. सयाजीनं ब्रश खाली ठेवला.

"नाक झालं की तू यायची बंद होशील. म्हणून पुसतोय. मला... तू यायला पाहिजेस, क्रांती. चित्र असू दे, नसू दे."

एवढ्यात तिचा फोन वाजला. दादाच.

"व्हय दादा... न्हाई, अजून न्हाई झालं." बोलता बोलता तिनं टेबलावरची चिंधी उचलली, टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि आप्पांच्या उरल्यासुरल्या नाकावरून अलगद फिरवली. "नाक जमंना बघ. अवघड असतंय. मला यावं लागंल रोज."

फोन ठेवून तिनं रंगलेलं बोट सयाजीच्या सदऱ्याला पुसलं.

"येतो उद्या," अस्सल कोल्हापुरी बायकांच्या थाटात म्हणाली ती, आणि बसायला स्टूल ओढलं.

नाक नसलेले आप्पा दोघांकडं बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच, गाडी वजा न करता.